सोजरबाईंच्या दगडावरची शेवटची ओळ

दगडावर अक्षरं कोरणारा माणूस भेटला की लोक हमखास विचारतात, "अक्षर चुकलं तर काय करता हो?" चाळीस वर्षं मी या प्रश्नाचं उत्तर हसत हसत देत आलो. बारीक चूक असेल तर दगडाची भुकटी आणि लाख भरून दडपता येते. ती दोन उन्हाळे टिकते, मग आपोआप गळून पडते. मोठी चूक असेल तर सगळा दगड वरून तासून खाली घ्यायचा आणि पहिल्या अक्षरापासून पुन्हा सुरुवात. त्यापेक्षा आधी चार ठिकाणी विचारून घेतलेलं परवडतं. मी विचारणारा कारागीर म्हणून ओळखला जायचो. "हा मिस्त्री लई चौकशा करतो," असं ऑफिसातले लोक वैतागून म्हणायचे आणि मला ते ऐकून बरं वाटायचं.

अणदूरला हायवेच्या कडेला माझं पत्र्याचं शेड आहे. वडील जाती आणि पाटे-वरवंटे घडवायचे. माझं शाळेतलं अक्षर चांगलं म्हणून हेडमास्तरांनी नव्या खोलीच्या कोनशिलेवरचा मजकूर माझ्याकडून काढून घेतला आणि कोरायच्या वेळी वडिलांनी छिन्नी माझ्याच हातात दिली. तिथून मी अक्षरांचा झालो. काम सांगायला सोपं आहे. दगड घासून गुळगुळीत करायचा, पेन्सिलीनं ओळी आखून अक्षरं काढायची आणि आधी शिरोरेघ कोरायची. आपलं अक्षर वरून लोंबतं, त्यामुळं शिरोरेघ सरळ गेली की निम्मं काम झालं. मग उभ्या रेषा, मग अक्षरांची पोटं, काने-वेलांट्या शेवटी. छिन्नी तिरकी धरली की अक्षराच्या आत सावली पडते. चांगल्या अक्षराला रंग लागत नाही, ती सावलीच वाचून दाखवते. आता हे सगळं मशीन करतं. संगणक रबराच्या पातळ कागदात अक्षरं कापतो, तो कागद दगडावर चिकटवून वाळूचा झोत सोडतात, अर्ध्या तासात कोनशिला तयार. सगळ्या गावांची अक्षरं एकसारखी. मी तक्रार करत नाही. ते मशीन माझ्याच मुलानं घेतलंय.

गिऱ्हाइकं मात्र मशीनला समजणार नाहीत अशी भेटली. एका समाजमंदिराच्या कोनशिलेवर एका पुढाऱ्याचं नाव तिसऱ्या ओळीत आलं. त्यांनी माझ्याकडूनच दुसरी कोनशिला करून घेतली, त्यात ते पहिले; जुनीही तशीच राहिली. आजही त्या इमारतीचं उद्घाटन एकाच दिवशी दोघांच्या हस्ते झालेलं दिसतं. नळदुर्गचे एक म्हातारे गृहस्थ स्वतःच्या समाधीचा दगड हयातीत कोरून घेऊन माझ्याच शेडात ठेवून गेले, तारखेची जागा मोकळी सोडून. दर दिवाळीला यायचे, दगडावरची धूळ पंच्यानं पुसायचे आणि म्हणायचे, "औंदा काय जमलं न्हाय मिस्त्री. पुढच्या साली बगू."

त्र्याण्णवच्या भूकंपानंतरचं काम मात्र वेगळं होतं. सास्तूरच्या बाजूच्या एका गावानं गेलेल्यांची नावं कोरायला दिली होती. यादी सांगायला गावातला एक माणूस यायचा. एका घराची नावं सांगता सांगता तो थांबला. म्हणाला, "ह्याचं बारसं व्हायचं हुतं." मी 'बाळ' एवढंच कोरलं आणि पुढं बापाचं नाव. घरी गेलो, जेवलो नाही. त्यानंतर मी एक रीत ठरवली. ज्याचं नाव कोरायचं, त्याच्या घरी एकदा जाऊन यायचं. घरात ते नाव कसं घेतात ते आपल्या कानांनी ऐकायचं.

त्या रितीमुळं मला सोजरबाई भेटल्या.

राजधानीतलं ते स्मारक तुम्ही पाहिलं असेल, निदान पुस्तकात चित्र तरी. लढाईत गेलेल्यांसाठी उभे केलेले दगड, प्रत्येकाला एक. दगडावर नाव आणि गाव, हुद्दा नाही. आराखडा कुणी काढला, बांधकाम कुणी केलं, ते तिथल्या पाटीवर आहे. काही वर्षांपूर्वी एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्यानं या स्मारकाची हकीकत लिहायला घेतली, तेव्हा जुन्या फायलीत सगळ्यात तळाशी त्यांना एक मराठी पत्र सापडलं. आराखड्याच्या कितीतरी आधीचं. आपल्या जिल्ह्यातल्या एका जवानाच्या बायकोनं गावच्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं. दगड, नाव, गाव, हुद्दा नको, सगळं त्या पत्रात होतं. पेपरात बातमी आली आणि जिल्हा एकदम जागा झाला. जिल्ह्याच्या गावी समिती झाली. त्या बाईच्या गावच्या वेशीपाशी चौथरा बांधून त्यावर काळ्या पाषाणाचा दगड बसवायचा, आणि हे काम मशीनचं नको, हातानं कोरलेलं हवं, असं ठरलं. मजकूर माझ्याकडं आला:

'राष्ट्रीय स्मारकाची मूळ कल्पना ज्यांना सुचली त्या वीरपत्नी कै. सोजरबाई यांच्या स्मरणार्थ.'

त्याखाली पाहुण्यांची नावं.

माकणीच्या पुढं, धरणाच्या वरच्या अंगाला ते गाव आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. भूकंपानंतर नव्या जागेवर वसलेलं, सरळ रस्ते, एकसारखी घरं. विचारत विचारत एका घरापाशी गेलो. ओट्यावर ऐंशीच्या पुढची एक बाई सुपात हरभरा निवडत बसली होती. कपाळावर ठसठशीत कुंकू.

"सोजरबाईंचं घर हेच का?"

"व्हय. बसा की."

"त्यांच्या घरचं कुणी भेटेल का? दगडावर नाव कोरायचंय, नीट विचारून घ्यावं म्हणलं."

"मीच हाय घरची. आन सोजरबाईबी मीच." त्यांनी सूप खाली ठेवलं. "कसला दगड म्हणलाव?"

मसुद्याचा कागद माझ्या हातात होता. मी तो 'कै.' आणि 'स्मरणार्थ' गाळून वाचून दाखवला. तेवढ्यात त्यांची भाची आली. शालन, भावाची मुलगी, गावातच अंगणवाडी चालवते. दोघी एकत्र राहायच्या, कारण शालनचा नवरा फौजेत. तिनं कागद घेतला आणि वाचून तिचा चेहराच बदलला.

"आत्या, तुमाला मारून टाकलंय ह्यात."

सोजरबाई खळखळून हसल्या. "भूकंपात गेली म्हणून कुणी सांगितलं आसंल. हुडकून माणूस घावलं न्हाय की आमच्याकडं तसंच म्हणत्यात." मग हसू ओसरलं. "आमच्या घरात उलटंच हाय बगा, मिस्त्री. जो गेला त्याला कुणी गेला म्हणंना, आन जी बसलीया तिला गेली म्हणत्यात."

तेव्हा मला त्यांच्या कुंकवाचा अर्थ लागला. नवरा नामदेव, लग्नानंतर दोनच वर्षांत लढाईवर गेलेला. तार आली ती 'बेपत्ता' म्हणून. पुढं काही कळेल म्हणून घरच्यांनी वाट पाहिली. सासू म्हणाली, मेल्याचा कागद येईपर्यंत कुंकू पुसायचं नाही. कागद आला नाही. सासू गेली, सासरा गेला, भूकंपात जुनं घर गेलं. यादीतला 'बेपत्ता' हा शेरा कुणी बदलला नाही आणि सोजरबाई रोज सकाळी कुंकू लावत राहिल्या. सणाला सवाष्ण म्हणून कुणी बोलवायचं नाही आणि विधवांच्या ओळीतही बसवायचं नाही.

"पण मावशी, स्मारकाचं तुम्हाला सुचलं कसं?" मी विचारलं.

"त्यात काय सुचायचं? जुन्या गावात मारुतीपाशी वीरगळ हुते. चार दगड. ढाल-तलवारीचा माणूस, वर देव. लढाईत पडल्याला पूर्वी दगड मिळायचा, सासू त्यावर तेल घालायची. मी म्हणलं, आमच्या माणसाचा दगड कुठं हाय? मढं न्हाय आलं, दगड तरी द्या." त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "मग म्हणलं, एकट्या आपल्याच माणसाचा कसा मागायचा? लई जणींची माणसं आली नसतील. म्हणून मास्तरांना म्हणलं, समद्यांचेच लिवा. दिल्लीत जागा आसंल. हुद्दा नगं म्हणावं, मेल्यावर कोण कुणाला सलाम ठोकतंय. पण गाव लिवा. गाव न्हाय लिवलं तर बाईमाणसानं हुडकायचं कसं?"

पत्राला उत्तर आलं नाही. मास्तर वारले. पुढं कितीतरी वर्षांनी स्मारक झालं आणि शालनचा नवरा सुट्टीवर आला असताना दोघींना दिल्लीला घेऊन गेला. सोजरबाईंनी ते दगड पाहिले आणि ओळखले. कुणाला काही बोलल्या नाहीत, कोण खरं मानणार? शालन पुढं वाचत गेली आणि त्या मागून ऐकत गेल्या.

"दोन दिस लागले," शालन म्हणाली. "एकबी दगड सोडला न्हाय. नामदेवमामांचं नाव न्हाय तिथं."

"बेपत्ता हाय म्हणं," सोजरबाई म्हणाल्या. "ज्याचं मढं न्हाय आलं त्याच्यासाठी मागितला हुता दगड. त्यालाच न्हाय."

निघताना त्या म्हणाल्या, "मिस्त्री, माझं नाव नगं. माझ्या नावानं कुणाचं काय अडलंय? त्येंचं कोरा. नामदेव, आन गाव."

मी समितीच्या सचिवांकडं गेलो. महसूल खात्यातले निवृत्त अधिकारी, सगळ्यांशी गोड बोलणारा माणूस. सोजरबाई जिवंत आहेत म्हटल्यावर त्यांना आनंदच झाला. सत्कारमूर्ती व्यासपीठावर बसवता येणार होती. 'कै.' गेलं, 'स्मरणार्थ'चं 'गौरवार्थ' झालं. नवऱ्याच्या नावाचं विचारल्यावर मात्र ते खुर्चीत मागं सरकले.

"मिस्त्री, सरकारी कागदात तो माणूस बेपत्ता आहे. बेपत्ता माणसाचं नाव कुठल्या अर्थानं कोरायचं? उद्या कुणी तक्रार केली तर?"

"नुसतं नाव आणि गाव. शहीद वगैरे काही नको."

"बघू," ते म्हणाले.

या 'बघू'वर मी विश्वास ठेवला, कारण मला तो ठेवायचाच होता. दगडाची आखणी करताना सगळ्यात खाली एका ओळीची जागा मोकळी सोडली.

पुढच्या पंधरवड्यात एका रविवारी सोजरबाई शेडात आल्या. गावच्या बायकांबरोबर अणदूरच्या खंडोबाला आल्या होत्या. बायका देवळात थांबल्या आणि ह्या विचारत विचारत एकट्याच माझ्याकडं. दगड तिवईवर आडवा होता, वरच्या चार ओळी कोरून झालेल्या. त्यांनी सगळ्या दगडावरून हात फिरवला.

"त्येंचं कुठं?"

मी त्यांचं बोट धरून खालच्या मोकळ्या जागेवर ठेवलं.

"हितं?"

"इथं."

"नाव आन गाव?"

"नाव आणि गाव. मी कोरतो, मावशी."

तिथं 'बघू' म्हणायला हवं होतं. पण मी 'कोरतो' म्हणालो. त्यांनी बोटांनी जागा मोजली, जणू पुरेल का ते पाहत होत्या. मग म्हणाल्या, "शालनला सांगू नगा. ती समितीत जाऊन भांडंल आन हाय ती जागाबी जाईल." चहा घेतला आणि पदर सावरत देवळाकडं गेल्या.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सकाळी सचिव स्वतः आले. पाहुण्यांची नावं दोनदा बदलून झाली होती, शेवटी ठरलेली मी कोरली होती. ते शेवटच्या मोकळ्या जागेकडं बघत म्हणाले, "ही जागा बरी सुचली तुम्हाला. चौथरा आणि रेलिंग आपल्या बांधकामाच्या गुत्तेदारानं पदरचं करून दिलंय. त्याचं नाव यायला पाहिजे. 'चौथरा सौजन्य' आणि नाव, एवढंच."

"ती जागा रिकामी नाही साहेब. ती दिलेली आहे."

"कुणाला?"

मी सांगितलं. त्यांनी मंजूर मसुदा काढून माझ्यासमोर धरला. त्यात नामदेवचं नाव नव्हतं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर कदाचित मीही अडून बसलो असतो. ते समजुतीच्या आवाजात म्हणाले, "मला काय वाईट वाटत नाही का? पण हा दगड त्यांच्या बायकोचाच आहे ना? आणि ओळ रिकामी राहिली तर लोक काय म्हणतील, मिस्त्रीनं आखणी चुकवली."

त्यांनी नेमकं कुठं बोट ठेवलं ते त्यांना कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. जिल्ह्यातलं बहुतेक सरकारी काम माझ्याकडं होतं, ते जाईल ही भीती होतीच. पण खरं सांगतो, त्याहून जास्त टोचली ती आखणीची गोष्ट. माझ्या दगडावर मोकळी जागा राहणार, आणि बघणारा म्हणणार, म्हाताऱ्याचा अंदाज आता चुकायला लागला.

मी छिन्नी घेतली. दुपारपर्यंत ती ओळ पुरी केली. आणि हात असा काही चालला त्या दिवशी, की त्या दगडावरची सगळ्यात सुबक ओळ तीच आहे. शिरोरेघ दोरीसारखी. अक्षरात सावली अशी पडते की लांबून वाचता येतं. बघणारे आजही नावाजतात. मी मान हलवतो.

दुसऱ्या दिवशी मांडव, लेझीम, भाषणं. शालन अंगणवाडीच्या बायकांबरोबर पाहुण्यांना ओवाळण्यात आणि पंगतीच्या गडबडीत अडकलेली. सोजरबाईंना व्यासपीठावर कडेच्या खुर्चीत बसवलं होतं, खांद्यावर शाल, मांडीवर नारळ. वक्ते त्यांना 'राष्ट्राची माता' म्हणाले, 'मराठवाड्याची वाघीण' म्हणाले. नामदेव हे नाव एकाही भाषणात आलं नाही. पडदा सरकला, टाळ्या झाल्या, फोटो झाले आणि सगळे जेवायला गेले.

मी दगडाच्या कडेला राहिलेल्या पेन्सिलीच्या खुणा पुसत होतो. मागं काठीचा आवाज आला. सोजरबाई होत्या. चौथऱ्याच्या पायरीवर बसल्या, म्हणजे दगडाचं खालचं टोक बरोबर त्यांच्या डोळ्यांसमोर आलं. त्यांनी हात पुढं केला आणि शेवटच्या ओळीच्या पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं.

"हे त्येंचंच न्हवं?"

आसपास कुणी नव्हतं. पंगतीतून वाढप्यांच्या आरोळ्या येत होत्या. मला सांगता आलं असतं. 'मावशी, नाही. मला कोरू दिलं नाही.' एवढीच दोन वाक्यं. त्या फार तर रडल्या असत्या, मला शिव्या दिल्या असत्या. मी त्यांच्याकडं पाहिलं. त्या माझ्याकडं बघतही नव्हत्या, अक्षरांकडं बघत होत्या.

"व्हय," मी म्हणालो.

त्यांनी बोट त्या ओळीवरून सावकाश शेवटपर्यंत नेलं. वाचता येणाऱ्या माणसासारखं. मग म्हणाल्या, "लई बारीक काम केलंय." आणि अंगठ्यानं स्वतःच्या कपाळावरचं कुंकू पुसलं, पुन्हा एकदा पदरानं पुसलं, आणि अंगठ्याला लागलेलं त्या ओळीला लावलं. त्या रडल्या नाहीत. मोठ्यानं श्वास सोडला, जशी बाई डोक्यावरचं ओझं उतरवून ठेवल्यावर सोडते. मला हात जोडले. माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या बाईनं मला हात जोडले आणि मी तो नमस्कार घेतला.

त्यानंतर मी त्या गावाला गेलो नाही. दुसऱ्या गावची कामं घेतली, पण तिकडचं काही आलं तर मुलाला पाठवायचो. एकदा लोहाऱ्याच्या एसटीत बसलो होतो, ती त्या वेशीपाशी थांबली. खिडकीतून दगड दिसला. पायरीवर सोजरबाई बसल्या होत्या, पांढरं कपाळ, आणि शेवटच्या ओळीवर दोन झेंडूची फुलं ठेवलेली. माझं तिकीट पुढचं होतं. उतरून चार पावलं चालायची होती. मी खाली वाकून पायातली चप्पल नीट करत राहिलो, गाडी सुटेपर्यंत.

गेल्या उन्हाळ्यात त्या गेल्याचं कळलं. पेपरात फोटोसह चौकट होती, समितीचा शोकसंदेश होता. मी दिवस होऊन गेल्यावर शालनकडं गेलो. मनाशी ठरवलं होतं: सगळं कबूल करायचं, आणि दोघांच्या नावांचा एक दगड स्वतःच्या हातानं कोरून द्यायचा, कुठं बसवायचा ते ती म्हणेल तिथं. त्यासाठी कागद-पेन्सिल घेऊन गेलो होतो.

शालननं पाणी दिलं. मी सुरुवात केली तसं तिनं हात वर केला.

"ठाव हाय मला, मिस्त्री."

मी कागद-पेन्सिल खाली ठेवली.

"आत्या रोज फूल ठिवायच्या. मला वाटायचं खाली बसून तेवढंच हाताला लागतं म्हणून. कुंकू पुसलं तवा म्हणल्या, त्येंचा दगड लागला की आता. मला वाटलं आख्ख्या दगडालाच म्हणत असतील. एक दिस सहज म्हणलं, आत्या, त्या गुत्तेदाराच्या नावावर कशाला फूल ठिवता? घरी मामांच्या फोटोपाशी ठिवा." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "त्यांनी परत विचारलं, कुणाच्या नावावर? मी वाचून दाखवलं. मला काय ठाव तुमचं काय ठरलं हुतं?"

"मग?"

"मग काय न्हाय. घरी आलो. संध्याकाळी म्हणल्या, त्या ओळीवरचं कुंकू तेवढं धुऊन ये. त्या माणसाची बायको-पोरं हाईत, बरं दिसत न्हाय. मी तांब्या घेऊन गेले आन धुतलं. त्यादिवसापासनं आत्या तिकडं गेल्या न्हाईत. कुंकूबी परत लावलं न्हाय. मी म्हणलं लावा की, तर म्हणल्या, कितीदा लावायचं आन कितीदा पुसायचं."

मी दगडाचं बोललो. दोन नावं, गाव, एका बाजूला लहानसा वीरगळ, जुन्या गावातल्यासारखा. शालननं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आता नगं," ती म्हणाली. "बघणारी गेली. मी कुणाला दाखवू?"

कागद कोराच राहिला. उठताना धीर करून विचारलं, "माझ्याबद्दल काही बोलल्या का?"

"मी निघाले हुते तुमच्याकडं, अणदूरला, भांडायला. आत्यांनीच आडवलं. म्हणल्या, जाऊ नगंस. कारागिराचा काय दोष? त्याला जे सांगितलं ते त्यानं कोरलं."

खरंच होतं ते. ती ओळ मला सांगितली होती आणि मी ती कोरली. पण पायरीवर बसून त्यांनी विचारलं, तेव्हा 'व्हय' म्हण असं मला कुणीही सांगितलं नव्हतं.